तिथी बघून कोकण: मांडवा ते मालवण, फाल्गुनातला प्रवास

कोकणच्या किनाऱ्याने जाताना नुसते किलोमीटर मोजून दिवस आखला की तो हमखास कोलमडतो. मुंबई ते मालवण महामार्गाने एका दिवसात गाठता येतं. सागरी रस्त्याने मात्र चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या असतात, आणि हरिहरेश्वरची समुद्रालगतची प्रदक्षिणा किंवा हेदवीची बामणघळ (कातळातली चीर) कधी बघायची ते समुद्र ठरवतो. म्हणून हा सगळा प्रवास तिथीवर बेतला होता.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. दक्षिणेकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा.

फाल्गुन शुद्ध नवमीला निघायचं आणि पौर्णिमेला मालवणात पोचायचं ठरलं, ते यासाठी की पहिल्या दोन दिवसांत दुपारी सुकती मिळते आणि पुढे हेदवीला पोचेपर्यंत सकाळची भरती मिळते. शिवाय याच दिवसांत कासवांची पिल्लं निघतात, ओले काजूगर येतात आणि शिमगा असतो. हापूससाठी यायचं असेल तर मात्र हा महिना नव्हे. फाल्गुनात पेट्या दिसतात, पण भाव ऐकून हात मागे घ्यावा लागतो. एप्रिलच्या मध्यानंतर या.

पहिला दिवस (नवमी): मांडवा, मुरूड, दिवेआगर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाता येतं. २०२० साली ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून वडखळची कोंडी टळते. सुट्टीच्या दिवशी गाडीची जागा आधी धरून ठेवा.

अलिबागच्या पुढे रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. हा कांदा गोडसर, कच्चा खायचा. घेताना माळेतला एक कांदा मानेपाशी दाबून बघावा. मान ओली, मऊ लागली तर माळ आठवड्यात सडते. पात नीट वाळवून घट्ट विणलेली माळ वाऱ्याला टांगली तर महिनोन्‌महिने टिकते. गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर मालवणला पोचेपर्यंत पाणी सुटेल.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. सकाळी जमिनीवरचा मतलई वारा उतरलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटलेला नसतो, तेव्हा पाणी शांत असतं. दुपारनंतर होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाय टाकणं म्हाताऱ्या माणसांना अवघड जातं. होडीवाले किल्ल्यात जेमतेम पाऊण तास देतात. कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचं तळं एवढंच नीट बघून होतं.

आगरदांडा ते दिघी ही पहिली फेरी. सगळ्याच फेऱ्यांना लागू पडणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पूर्ण सुकतीला धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि बोटीची फळी खाली जाते, त्यामुळे खालून ठेंगण्या गाड्यांचं पोट घासतं. अशा वेळी मागच्या सीटवरची माणसं आणि जड सामान उतरवून, गाडी किंचित तिरपी घेऊन चढवावी. चढल्यावर हँडब्रेक आणि पहिला गिअर, दोन्ही. शेवटची बोट किती वाजता, ते दुपारीच फोन करून विचारावं. ती चुकली तर पलीकडच्या तीरावरचं गाव डोळ्यांसमोर दिसतं आणि रस्त्याने वळसा मात्र काही तासांचा पडतो.

दिवेआगर म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या. १९९७ मध्ये इथल्याच एका वाडीत सुवर्णगणेश सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा २०२१ मध्ये बसवला. पण गावात कुणाशीही पाच मिनिटं बोललात तर विषय वळतो तो ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाकडे. एका वाडीवाल्या काकांनी पोफळीची ओळ दाखवली: आठ-दहा उंच झाडं, मग मोकळी जागा, मग कमरेएवढी रोपं. पोफळीला उत्पन्न यायला सहा-सात वर्षं लागतात. तिची मुळं वरवर पसरतात आणि खोड बारीक, म्हणून एक झाड पडलं की शेजारचं घेऊन पडतं. दाट वाडी असेल तर पाडेली (सुपाऱ्या काढणारा) एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातो, खाली उतरत नाही. झाडांत अंतर पडल्यावर प्रत्येक झाडाला उतरून पुन्हा चढायचं आणि मजुरी तेवढ्याच झाडांची दुप्पट. वादळाचं हे नुकसान पंचनाम्यात येत नाही.

जेवण घरगुती खानावळीत. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळी सांगावं लागतं. ऐन वेळी मिळाले तर ते सकाळचेच असतात, आणि त्यांची पारी कडक झालेली असते.

दुसरा दिवस (दशमी): हरिहरेश्वर, वेळास

दशमीची भरती साडेसातला, म्हणजे सुकती दीड-पावणेदोनला. हरिहरेश्वरला साडेअकराला पोचून आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन घेतलं आणि साडेबाराला देवळामागच्या वाटेने प्रदक्षिणेला निघालो. पूर्ण सुकतीच्या तासभर आधी निघायचं कारण असं की तेव्हा पाणी उतरत असतं. चालताना वेळ गेला तरी समुद्र आपल्या बाजूने असतो. सुकती झाल्यावर निघालात तर प्रत्येक मिनिटाला तो पुढे येत असतो.

वाट आधी दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट खाली उतरते. खालचा खडक लाटांनी असा खाल्लाय की जिकडेतिकडे मधाच्या पोळ्यासारखी भोकं आणि त्यांत साठलेलं पाणी. कोरडा काळा दगड पाय धरतो, हिरवट दिसणारा अजिबात धरत नाही. रबरी सपाता नकोतच. अपघात होतात ते चालताना नव्हे, फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून कडेला उभं राहिल्यावर. पाच-सहा लहान लाटांनंतर एखादी मोठी येते आणि खडकावरून माणूस ओढून नेते. आम्ही गेलो तेव्हा भांग नुकताच सरलेला, त्यामुळे पाणी फार मागे गेलेलं नव्हतं, आणि राखणदार शिट्ट्या मारून लोकांना आतल्या अंगाने चालवत होता. त्याचं ऐकावं. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच नको.

बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, आणि इथून रत्नागिरी जिल्हा लागतो. वेळास तिथून जवळ आहे. नाना फडणवीसांचं हे गाव. हॉटेलं नाहीत, घराघरांत राहण्याची सोय. खाली सतरंजी, वर पंखा आणि पडवीत पंगत. रात्रीच्या पंगतीला ओल्या काजूगरांची उसळ होती.

या उसळीचा भाव जास्त का, ते यजमान काकूंच्या हातांकडे बघितलं की कळतं. ओल्या बीच्या सालीत जो चीक असतो तो कातडी जाळतो. म्हणून बोटांना खोबरेल चोळायचं, राख जवळ ठेवायची, बी विळीवर उभी धरून मधोमध चिरायची आणि गर बारीक काडीने अख्खा काढायचा. मग कोमट पाण्यात टाकून आतलं तांबूस साल सोलायचं. गर शेकड्यावर विकले जातात आणि चार माणसांच्या उसळीला दीडएकशे तरी लागतात. वाटण मोजकं हवं: ओलं खोबरं, थोडे धणे, हिरवी मिरची. गरम मसाला जास्त पडला की काजूचा दुधाळ गोडवा मरतो आणि मग वाळके काजू भिजवून घातले असते तरी चाललं असतं.

तिसरा दिवस (एकादशी): कासवं आणि हर्णैचा लिलाव

पहाटे दहिवर इतकं पडलेलं की गाडीची काच धुवावी लागत नाही, नुसती पुसायची. किनाऱ्याकडे सुरूच्या बनातून पायवाट जाते.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या महिन्यांत रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी दीडएक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं काढून नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केलं. कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीचा माग शोधतात, अंडी उचलतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. खड्ड्यावर पाटी, पाटीवर तारीख. वाळूच्या उष्णतेनुसार पन्नासेक दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात.

खड्ड्यांवर टोपल्या उपड्या ठेवलेल्या असतात. सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या उचलून बघतात. त्या सकाळी पहिल्या तीन टोपल्या रिकाम्या निघाल्या, चौथीखाली वाळू खचलेली आणि त्यात काळसर काहीतरी वळवळत होतं. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. दोरीच्या आत, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर वाळूत ठेवतात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी जातात. एक लाटेने उलथं पडलं, पुढच्या लाटेने सुलटं झालं आणि दिसेनासं झालं. फ्लॅश, हात लावणं, दोरी ओलांडणं सगळं बंद, आणि ते योग्यच. पिल्लं रोज निघतातच असं नाही. एक रात्र राहिलात तर संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात, म्हणून सकाळी येऊन दुपारी परतण्याचा बेत करू नका.

केळशी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करून दुपारी हर्णै. लिलाव संध्याकाळी चारनंतर रंगतो. होड्या सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरतात आणि मासळी वाळूपर्यंत येते ती बैलगाडीतून. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे राहतात, लाट आली की मान वर करतात, जागा सोडत नाहीत. वाळूवर मासळीचे ढीग पडतात, भोवती घोळका जमतो आणि लिलाव पुकारणारा एवढ्या वेगाने आकडे म्हणतो की नवख्याला सौदा संपल्याचंच कळतं, किती वर तुटला ते नाही.

लिलावात आपण पडायचं नाही, ते घाऊक काम. तिथून पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडे जावं. बांगडा डोक्याकडून आडवा धरावा. ताठ राहिला तर ताजा, शेपटी लवली तर कालचा. पापलेटचा कल्ला दाबला की पांढरं पाणी यायला हवं, तांबूस आलं तर सोडा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. सुरमई अख्खी असेल तर कल्ल्याच्या आतला लाल रंग बघा, आणि तुकड्यांत असेल तर ओळखीशिवाय घेऊच नका. भाव करावा, पण पहिल्याच आकड्याला अर्ध्यावर आणलात तर “ऱ्हाऊ दे भाऊ, तुम्ही भाजी खा” हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. एकादशीमुळे पर्यटक कमी होते, त्यामुळे सौदे शांतपणे झाले. साफ करून घेतलेली मासळी दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे भागातल्या बहुतेक खानावळी मसाल्याचे आणि मजुरीचे पैसे घेऊन करून देतात. जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा इथे येऊन ताजं काही मिळणार नाही.

चौथा दिवस (द्वादशी): दापोली, दाभोळ, गुहागर

चालण्यापेक्षा गाडीचा दिवस. दापोलीला पेट्रोल भरून घ्या, पैसेही काढून घ्या. पुढच्या गावांत रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. दाभोळ-धोपावे बोटीने वाशिष्ठी ओलांडून संध्याकाळी गुहागर. व्याडेश्वराचं देऊळ बाजारात आणि त्याच्या मागे लांबच लांब किनारा. वाळूवर गाडी नेण्याचा मोह टाळा. वरचा थर कडक वाटतो, पण चाक थांबलं की रुततं, आणि चढती भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

पाचवा दिवस (त्रयोदशी): हेदवी, जयगड, मालगुंड

तेराचे पाऊणपट पावणेदहा. बामणघळ बघायची ती भरतीलाच, म्हणून नऊला हेदवीत. कातळाला पडलेली एक लांब, अरुंद चीर. लाट तोंडाशी शिरते, पुढे जागा आखडत जाते आणि पाणी कोंडून उंच उसळतं. पौर्णिमा जवळ, त्यामुळे भरतीला जोर होता. सुकतीला आलेल्या माणसाला इथे फक्त ओली भेग दिसते. भिजलेल्या दगडाच्या अलीकडे उभं राहायचं, कारण दगड भिजलाय याचा अर्थ पाणी तिथवर येऊन गेलंय. वर दशभुजा गणेशाचं देऊळ.

तवसाळ-जयगड ही शेवटची बोट. पलीकडे मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक, शेजारी गणपतीपुळे. पुळ्याचा समुद्र देखणा आणि फसवा आहे. पुळणीचा उतार एकदम तुटतो, परतणारं पाणी पाय काढून घेतं. गुडघ्याच्या पुढे जाऊ नये.

रत्नागिरीकडच्या काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीला होम, तर काहींचे भद्रे, म्हणजे पौर्णिमेला. त्यामुळे वाटेत पालखी भेटली. चार-पाच जण खांद्यावर पालखी नाचवत होते, ढोलाची गत बदलली की खांदेकरी बदलत. गाडी थांबवायची, काच खाली करायची, सुटे पैसे हातात ठेवायचे. संकासूर आणि गोमू ही शिमग्यातली सोंगं गाडीपाशी येऊन पोस्त (शिमग्याचे पैसे) मागतात. हॉर्न वाजवणाऱ्याला गाव त्या दिवशी लवकर वाट देत नाही. या आठवड्यात चाकरमानी गावी आलेले असतात, गाड्या आणि खोल्या भरलेल्या. राहण्याचं महिनाभर आधी बघा.

सहावा दिवस (चतुर्दशी): रत्नागिरी, कशेळी, विजयदुर्ग

आरे-वारेचा घाटवजा रस्ता सकाळी करावा, तेव्हा ऊन पाठीशी असतं. रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये याच गावात वारला.

दुपार पावस गावात काढली आणि चारनंतर कशेळीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) गेलो. वेळ मुद्दाम अशी निवडली होती. कातळशिल्पं म्हणजे जांभ्याच्या सपाट सड्यावर खोदलेल्या रेघा. दुपारी बाराला ऊन सरळ पडतं, खाचेत सावली नसते आणि समोर नुसता तपकिरी खडक दिसतो. लोक “इथे काही नाही” म्हणून परततात. ऊन तिरकं झालं की रेघेत सावली साठते आणि चित्र वर येतं. कशेळीचा हत्ती अठराएक मीटर लांब आहे. त्याच्या अंगावर मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी लहान चित्रं कोरलेली, म्हणजे हत्तीच्या पोटात दुसरं चित्रसंग्रहालयच. आधी पायांच्या बाजूला उभं राहून सोंडेची रेघ शोधावी, ती सापडली की बाकीचा हत्ती आपोआप जुळतो. रेघांवर पाय देऊ नये, खडूने उठाव आणू नये. कशेळीसह कोकणातली ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर सावली नाही, दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवी.

जैतापूरमार्गे विजयदुर्ग गाठेस्तोवर अंधार झाला. १७५६ पर्यंत हे आंग्र्यांचं ठाणं होतं; तिहेरी तटबंदी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली.

सातवा दिवस (पौर्णिमा): देवगड, मालवण

उधाण आणि दुपारचा खारा वारा एकत्र आले की सिंधुदुर्गच्या होड्या हलतात. विजयदुर्ग आणि कुणकेश्वर करून यायला उशीर झाला म्हणून किल्ला दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. तसं करताना एक विचारून घ्यावं: धुळवडीला होड्या कधी सुटतील ते आदल्या दिवशी जेटीवर कळतं. १६६४ ते १६६७ या काळात शिवरायांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधला. चहूकडे खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. उधाणाची सुकती पाचच्या सुमाराला होती, तेव्हा रॉक गार्डनच्या खालचे कातळ उघडे पडले आणि डबक्यांत लहान मासे, खेकडे, शेवाळं बघायला मिळालं. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर खालीवर होतं, मालवणला दोनेक मीटर. इथे किनारा फार लांबवर उघडा पडत नाही.

रात्रीचं जेवण एका मांगराशेजारच्या खानावळीत. काकींनी दारातच सांगून टाकलं, “मोरी आज नाय. बांगडो ताजो आसा, तिखला केलंय. चलात?” चाललं. (मोरी म्हणजे लहान शार्क.) तिखल्यात खोबरं नसतं. लाल मिरची, आमसूल, हळद आणि तिरफळं. तिरफळं ओली असोत की वाळकी, हलकी ठेचून शेवटी घालायची. आधीपासून उकळली तर रस्सा कडवट होतो. वाळक्या तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं, वास असतो तो सालात. खाताना तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, नाहीतर जिभेला मुंग्या येतात.

सोलकढी त्याच ताटात. नारळाचा पहिला घट्ट रस, त्यात आगळ (कोकमाचा खारवलेला रस), ठेचलेली लसूण, हिरवी मिरची. एका नारळाला तीन-चार चमचे आगळ पुरे. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ चाखून घालावं. खरी सोलकढी मळकट गुलाबी दिसते. झगझगीत गुलाबी दिसली तर दुसरं काहीतरी मागवा.

घरी न्यायला आगळ घेताना बाटलीवर साखर लिहिलेली नाही ना ते बघा. साखर असेल तर ते सरबत, त्याची कढी होत नाही. आमसुलं काळी, लवचिक आणि जरा ओलसर हवीत. तिरफळं वाळलेलीच घ्या, ओली डब्यात बुरसतात. परतीला कुडाळहून रेल्वे आहे. गाडीने कोल्हापूरकडे जायचं तर फोंडा घाट. आंबोलीचा वळसा सावंतवाडी बघायची असेल तरच घ्यावा.